कोकणच्या दमट उन्हाळ्यात पॉलिहाऊस

घाटावरच्या ठेकेदाराने कोकणात पॉलिहाऊसचं कोटेशन दिलं की त्यात पंखे आणि पॅड (पाण्याने ओली ठेवलेली जाड भिंत, जिच्यातून पंखे बाहेरची हवा आत ओढतात) हटकून असतात. नाशिक-सोलापूरकडे ते बरोबरच आहे. एप्रिलच्या दुपारी तिकडे ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली तर ओल्या, म्हणजे फुग्याला ओली वात गुंडाळलेल्या, थर्मामीटरवर साधारण २३ अंश दिसतात. चांगला पॅड कोरड्या आणि ओल्या तापमानातल्या फरकाचा पाऊण हिस्सा कापतो, म्हणजे आत येणारी हवा बारा-तेरा अंशांनी उतरते. रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात मे महिन्यात दुपारी ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर ओला थर्मामीटर साडेअठ्ठावीसच्या आसपास असतो. फरक साडेपाचाचा, त्यातले हाती लागतात चार.

चार अंशही काही कमी नाहीत असं वाटेल. पण ५६० चौरस मीटरचं, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचं घर घ्या. सरासरी उंची ५ मीटर धरली तर आतली हवा २,८०० घनमीटर. ती दर मिनिटाला एकदा बदलायची तर ५० इंची पंखे चार लागतात, प्रत्येकी एक ते दीड अश्वशक्तीचे. पॅडमधून ३० अंशांवर आणि ९० टक्के आर्द्रतेने आत आलेली हवा पंख्यापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा दोन-तीन अंशांनी तापते. सरासरी फायदा उरला अडीच अंशांचा, तोही हवा वाफेने भरून घेऊन. त्यासाठी आठ तासांत अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी नुसतं उडून जातं, आणि क्षार साचू नयेत म्हणून टाकीतून काढून टाकायचं पाणी वेगळंच. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना एवढं पाणी कुणाकडे असतं? खाडीकाठच्या विहिरी तर तेव्हा मचूळ झालेल्या असतात. तसलं पाणी वापरलं की पॅडच्या घड्यांत मीठ धरतं आणि दुसऱ्या हंगामात हवा शिरेनाशी होते. शिवाय पॅडचं घर चारी बाजूंनी बंद ठेवावं लागतं. वळवाच्या दिवसांत वीज गेली की बंद घर काही मिनिटांत भट्टी होतं.

म्हणून इथे आधी दोन थर्मामीटर लागतात, बाकीची खरेदी नंतर. एकाच जातीचे दोन घ्यायचे, एकाच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं. पाणी शक्यतो पावसाचं किंवा उकळून गार केलेलं, नाहीतर वात क्षाराने कडक होते आणि खोटं दाखवते. दोन्ही पिकाच्या उंचीवर, वरून पांढऱ्या पत्र्याची सावली करून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवून टांगायचे. ओल्या फुग्यावरून वारा वाहत नसेल तर आकडा एक-दोन अंश जास्त येतो, म्हणून वाचण्याआधी मिनिटभर हातपंख्याने वारा घालायचा. खांबाला उन्हात लटकवलेला डिजिटल मीटर ४५ दाखवतो, तो आकडा हवेचा नसतो, मीटरच्या प्लास्टिकचा असतो. सकाळी ७, ९, ११ आणि दुपारी ३ अशा नोंदी ठेवल्या की आपल्या जागेचा उन्हाळा कागदावर येतो.

त्या नोंदींत एक गोष्ट हमखास दिसते. दुपारचे दोन ही वेळ कोकणात सर्वांत वाईट नसते. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई सकाळी पडतो, आणि खारा वारा उठायला दहा-अकरा वाजतात. मधले दीड-दोन तास पान हलत नाही. ऊन मात्र चढतच असतं. आत आणि बाहेर यांतला फरक सर्वांत मोठा दिसतो तो याच वेळी. खारा वारा एकदा सुटला की चांगल्या बांधणीचं घर बाहेरपेक्षा दोन ते चार अंशांनीच जास्त राहतं. पंख्यांवर खर्च करायचाच तर तो या खिंडीसाठी.

दुसरी गोष्ट मार्चची. किनाऱ्यावरचा तापमानाचा कहर बहुतेकदा मार्चमध्ये होतो, मे महिन्यात नाही. पूर्वेचा जमिनीवरचा वारा जोर धरतो, खारा वारा दुपारपर्यंत लांबतो आणि पारा ३८-४० वर जातो. मुंबईत मार्चमधला विक्रमी आकडा ४१.७ अंशांचा, २८ मार्च १९५६ चा आहे. अशा दिवशी हवा कोरडी असते. ३८ अंशांना २५ टक्के आर्द्रता असली तर ओला थर्मामीटर २३ वर येतो, फरक तब्बल पंधराचा. पाण्याने गारवा करायचे कोकणातले दिवस हेच, आणि ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेवढ्यासाठी फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवणारी तोंडं, पुरतात.

बाकी सगळा उन्हाळा वारा आणि सावलीवर काढायचा. घर थंड करायला जाऊ नये, तापू देऊ नये.

वाऱ्याची वाट

आढं उत्तर-दक्षिण ठेवलं की घराची लांब बाजू पश्चिमेला येते आणि खारा वारा तिच्यावर सरळ आदळतो. वरची खिडकी, म्हणजे टॉप व्हेंट, पूर्वेकडे उघडणारी हवी. पश्चिमेकडून शिरलेला वारा तापलेली हवा ढकलत वर नेतो आणि आढ्यावरून जाणारा वारा ती ओढून घेतो. व्हेंट पश्चिमेला ठेवली तर वारा वरूनच आत घुसतो, गरम हवा खाली दाबतो, आणि जूनमध्ये नैर्ऋत्येचा पाऊसही तिथूनच येतो. गटरची उंची ४ ते साडेचार मीटर आणि आढं ६ ते साडेसहा मीटर हवं. वादळाच्या धास्तीने घर बुटकं बांधलं तर गरम हवेचा थर थेट पिकाच्या शेंड्याला टेकतो.

पूर्व-पश्चिम रुंदी जितकी कमी तितकं बरं. त्याच ५६० चौरस मीटरसाठी ८ मीटरचे तीन गाळे शेजारी शेजारी घेण्यापेक्षा दोन घेऊन लांबी वाढवली, तर मधली ओळ गुदमरत नाही. उताराच्या, मेरा घातलेल्या कोकणी जमिनीला तेच सोयीचंही पडतं.

बाजूंची आणि वरची मिळून उघडी जागा जमिनीच्या निदान ३० टक्के धरावी. हा हिशेब जाळीशिवायचा. ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) इन्सेक्ट नेट, म्हणजे किडी अडवणारी जाळी, लावली की हवा बरीच अडते, त्यामुळे उघडी जागा दीडपट तरी करावी लागते. थ्रिप्स या बारीक किडीच्या भीतीने ५० मेशची जाळी चारी बाजूंनी मारणारे पुढे बुरशीनाशकांवर पैसे घालतात. आणि जाळी धुवायलाच हवी. जांभ्याच्या रस्त्याची तांबडी धूळ, समुद्राकडची खारट ओल आणि कोळ्यांची जाळी यांचा मिळून एक लेप बसतो. भोकं बुजलीत का हे लांबून कळत नाही. पश्चिमेच्या जाळीला आतून उदबत्ती धरायची: धूर आत वाकला तर वारा येतोय, सरळ वर गेला तर जाळी मेली. फेब्रुवारीअखेर एकदा आणि नंतर दर तीन आठवड्यांनी आतून बाहेर पाण्याचा फवारा मारायचा. बाहेरून मारला तर धूळ आणखी रुतते.

उन्हाळ्यात बाजूचे पडदे गुंडाळून थेट वर बांधून टाकायचे. खाली मीटरभर उंचीचा जो एप्रन असतो तोही पिकाच्या पहिल्या फूटभर हवेला अडवतो. पावसाळ्यात तो लागतोच, म्हणून तो सुटा होईल असा बसवून घ्यावा. संध्याकाळी पडदे पाडायची घाटावरची सवय इथे चालत नाही. मे महिन्यात रात्री पारा २६-२७ च्या खाली फारसा जात नाही आणि आर्द्रता खूप चढते. पडदे पाडले की पहाटे कागदाच्या, म्हणजे छताच्या प्लास्टिकच्या, आतून थेंब गळतात, आणि जरबेराच्या पाकळीवर थेंब राहिला की करडी बुरशी आलीच. व्हेंट रात्रभर उघडी, आतले फिरते पंखे पहाटे ४ ते ७ चालू. हेच पंखे सकाळी साडेआठ ते अकराच्या पडलेल्या वाऱ्यातही कामाला येतात. १२ ते १५ मीटरवर एक, सगळे एकाच दिशेने रांगेत, पुढच्या रांगेत उलट दिशेने, म्हणजे हवा घरात गोल फिरते.

जागेचाही विचार आहे. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, वारा भरपूर, पण पश्चिमेला उघडा कातळ असेल तर खारा वारा त्याच्यावरून तापून आत येतो. पडद्यालगत चार-पाच मीटरची पट्टी हिरवी ठेवावी, गवती चहा चांगला, कमरेच्या वर जात नाही. माडा-पोफळीच्या आगरात सावली आयती मिळते पण वारा मिळत नाही. तिथे पॉलिहाऊस घालण्यापेक्षा नुसती शेडनेट बरी.

सावली

कोकणच्या तिन्ही दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत ४ ते १५ मेच्या दरम्यान सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या काळात छतावर पडणारं ऊन चौरस मीटरला ९०० ते १,००० वॉटचं असतं. ते कागदाच्या आत आल्यावर अडवायचं की बाहेरच अडवायचं, यावर निम्मा खेळ आहे. आत बांधलेली काळी शेडनेट ऊन अडवते खरी, पण स्वतः तापून ती उष्णता घरातच सोडते. प्रकाश गेला, उष्मा राहिला. आत बांधायची तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, आणि तीही उघड्या विणीची. घट्ट विणीची ओढली तर गरम हवा तिच्याखाली कोंडते आणि वरची व्हेंट उघडी असून नसल्यासारखी.

बाहेरची नेट काळी असली तरी चालते, कारण तापलेली उष्णता वारा उडवून नेतो. अट एकच, कागद आणि नेट यांत अर्धा ते एक मीटर अंतर हवं. नेट थेट कागदावर टाकून दोऱ्या आवळणारे पुष्कळ दिसतात. त्यात हवेची फट राहत नाही, आणि खाऱ्या वाऱ्याने नेट दिवसभर घासून कागद धूसर करते. पिकाप्रमाणे टक्केवारी बदलते. ढोबळी मिरचीला ३५, जरबेराला आणि आंबा-काजूच्या कलमांना ५०, डेंड्रोबियमला ५० ते ६०, अँथुरियमला ७५. यात कागदाचीही सावली मोजावी. नवा २०० मायक्रॉनचा कागद १०-१५ टक्के प्रकाश खातो, धूळ बसलेला त्याहून कितीतरी जास्त. ढोबळी मिरचीवर ७५ ची नेट टाकली तर घर गार राहील आणि झाड नुसतं उंच वाढून फुलं गाळेल.

बाहेरच्या नेटचा सांगाडा परवडत नसेल तर चुना. हा जुना आणि स्वस्त उपाय कोकणाला फार सोयीचा, कारण गरज संपते तेव्हाच पाऊस येऊन तो धुतो. शिमगा उलटला की पहिला हात. कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात विरवायचा, डोळ्यांना चष्मा लावून आणि लांब दांड्याने ढवळून. उसळलेला थेंब डोळ्यात गेला तर कायमची इजा होते. दहा लिटर पाण्याला एक ते दीड किलो या मापाने पातळ करायचा, जुन्या धोतराच्या दुहेरी कपड्यातून दोनदा गाळायचा, नाहीतर पंपाचं नोझल दर पाच मिनिटांनी तुंबतं. कागद गार असताना, सकाळी आठच्या आत फवारायचा. ओला असताना काहीच दिसत नाही, पांढरेपणा वाळल्यावर चढतो, म्हणून पहिला हात मुद्दाम पातळ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी आत उभं राहून आपल्या हाताची सावली बघावी. कडा पुसट झाल्या तर पुरे. सावलीच पडेनाशी झाली तर जास्त झालं. वळवाच्या सरीने धुतला तर एप्रिलअखेर दुसरा हात. ॲल्युमिनियमच्या प्रोफाईलवर (कागद अडकवायच्या पट्ट्यांवर) आणि जस्ताच्या पाइपांवर सांडलेला चुना लगेच पुसावा, ओला चुना दोन्ही खातो. कागद नवा असेल आणि हमीच्या अटींत चुना बसत नसेल तर खडूची भुकटी वापरावी. ती टिकते कमी पण निरुपद्रवी.

फॉगर, मुळं आणि मीठ

फॉगरचा नियम सोपा ठेवला आहे. कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधला फरक आठच्या वर असेल तर अर्धा मिनिट चालू, दहा-पंधरा मिनिटं बंद. पाचच्या खाली फरक असेल तर हात लावायचा नाही. मधल्या आकड्यांना वारा किती आहे ते बघून ठरवायचं. बाजारात मिळणारा चार तोंडांचा फॉगर ४ बार दाबाला तासाला २८ लिटरच्या आसपास पाणी टाकतो, आणि त्याचे थेंब खऱ्या धुक्यापेक्षा खूप जाड असतात. दाब ३ वर आला की ते सरळ पावसासारखे खाली येतात. पिकाच्या उंचीवर कोरडी पाटी धरून बघावी. अर्ध्या मिनिटात सुटे ठिपके दिसले तर ठीक, ठिपके एकमेकांत मिसळून ओघळ आला तर ते पाणी हवेत उडत नाही, पानावर बसतंय. अँथुरियमच्या पानाच्या कडेला तेलकट डाग दिसू लागले की फॉगर बंद ठेवायचा. तो जिवाणूजन्य करपा ओल्या पानावरून पसरतो. अपवाद कलमांच्या रोपवाटिकेचा. कोय कलमं आणि काजूची मृदुकाष्ठ कलमं यांना जोड धरेपर्यंत ओलसर हवाच लागते.

हवा वाफेने भरलेली आणि थांबलेली असली की पान पाणी सोडू शकत नाही, आणि झाडाचं स्वतःचं थंड होणंच थांबतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने पानाचं तापमान हवेपेक्षा दोन-तीन अंश वर दिसलं की समजावं. पाण्याबरोबर कॅल्शियमही वर चढत नाही. मिरचीच्या फळाचं बूड काळं पडतं, कोवळ्या पानाची कड करपते, आणि दुकानदार कॅल्शियम नायट्रेटची पिशवी हातात देतो. मातीत कॅल्शियम बहुतेकदा असतं. पानावरून हवा फिरली की नवी फळं सुधारतात, काळी झालेली सुधारत नाहीत, ती तोडून टाकावीत.

मुळांकडे दुर्लक्ष होतं. काळी प्लास्टिकची टाकी उघड्यावर असेल तर दुपारी तिच्यातलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं, आणि उन्हात पडलेल्या लॅटरलमधलं (ठिबकच्या नळीतलं) त्याहून. ते पहिलं पाणी मुळाशी गेलं की पांढरी मुळं तपकिरी होतात, मग पिथियम, म्हणजे मुळं कुजवणारा रोग. टाकीवर झापांचा मांडव, सबमेन (नळ्यांना पाणी पोचवणारा पाइप) हातभर खोल पुरलेली, दिवसाचं बरंचसं पाणी अकराच्या आत. दुपारी द्यायचंच झालं तर लाईनमधलं तापलेलं पाणी शेवटच्या टोकाची टोपी काढून आधी बाहेर सोडायचं. ग्रो बॅग (झाड लावायची पिशवी) बाहेरून पांढरीच घ्यावी, वाफ्यांमधल्या वाटेवरचं वीड मॅट, म्हणजे तण दाबणारं कापड, तेही पांढरं मिळालं तर उत्तम. वाटा पाण्याने शिंपडून गारवा आणायचा प्रकार इथे उलटा पडतो.

कागद फाटतो तो बहुतेकदा पाइपावर. उन्हाने तापलेला पाइप कागदाला भाजतो, तिथे तो पिवळा पडून कडक होतो आणि वाऱ्याने चिरतो. पाइपाच्या वरच्या अंगाला पांढरा रंग किंवा फोमची पट्टी लावली की ते वर्षभर तरी लांबतं. कागद पट्टीत धरून ठेवणारी झिगझॅग स्प्रिंग प्लास्टिकचं आवरण असलेलीच घ्यावी. साधी स्प्रिंग खाऱ्या हवेत गंजते आणि गंजाच्या कडेने कागद कापते. व्हेंटच्या गिअरला दर पंधरवड्याला ग्रीस. एप्रिलमध्ये जाम झालेली व्हेंट मे महिन्यात शिडीवर चढून उघडावी लागते.

बाहेरची नेट मात्र सुटी होणारी हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून गेलं. दोन्ही नेमकी नेट चढवलेली असण्याच्या दिवसांत. गाठी सुरगाठीच्या, आणि इशारा आला की आधी नेट उतरवायची, मग वाऱ्याकडच्या बाजूचे पडदे आणि व्हेंट बंद करून घट्ट बांधायच्या. तरीही कागद फुगून सांगाडा उचलायला लागला तर कागद कापून टाकायचा. कागद पुन्हा घेता येतो.

मिरगाचा पाऊस लागला की सगळं उलटं. जूनच्या ढगाळ हवेत ५० टक्क्यांची नेट वर राहिली तर जरबेराचे दांडे लांब आणि मऊ होतात, कलमांची फूट पोसत नाही. पहिली सलग झड बघून नेट उतरवावी, गोड्या पाण्याने मीठ धुवावं, पूर्ण सुकवून आढ्याला टांगावी, जमिनीवर ठेवली तर उंदीर घर करतात. चुना मारला असेल तर गटरचा पाइप शेततळ्यापासून आधीच सोडवून ठेवावा, नाहीतर पहिल्या पावसाबरोबर चुना तळ्यात जातो आणि पाण्याचा सामू चढतो. दोन-तीन मोठे पाऊस होऊन गटरमधून स्वच्छ पाणी पडायला लागलं की पाइप परत जोडायचा.